पद्मिनीचा पायगुण

गोष्टी सुरू कशा कराव्यात याविषयी आपल्या पूर्वजांनी विपुल मार्गदर्शन करून ठेवले आहे. मुहूर्तांची पंचांगे आहेत, आरंभी पूजावयाचा गणपती आहे, आणि नागपुरात तर तो टेकडीवरच बसलेला असल्यामुळे नव्या गाडीची चावी त्याच्या पायांशी नेऊन ठेवल्याखेरीज येथील कोणीही सद्गृहस्थ पहिला गिअर टाकीत नाही. परंतु सुरू झालेली गोष्ट थांबवावी कशी, आणि विशेषतः ती समोरच्या गाईच्या अलीकडे थांबवावी कशी, या प्रश्नाकडे धर्मशास्त्राने, आणि त्याहून नवल म्हणजे चौतीस वर्षे सरकारी हिशेबतपासणीच्या खात्यात इतरांचे खर्च थांबवण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाने, द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

माझ्यापाशी एक प्रीमियर पद्मिनी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात मूळची इटालियन फियाट अकराशे आधी जोडली आणि मग घडवली जाऊ लागली, आणि १९७४ साली तिचे ‘पद्मिनी’ असे नामकरण झाले. वडिलांनी तिच्यासाठी नंबर लावला तेव्हा मी नोकरीत उमेदवार होतो आणि गाडी दारात आली तेव्हा मला दोन बढत्या मिळालेल्या होत्या. त्या काळी मोटार ही विकत घेण्याची नसून वाट पाहण्याची वस्तू होती हे यावरून तरुण वाचकांच्या ध्यानात येईल. कामशास्त्रकारांनी पद्मिनी जातीच्या नायिकेची गती हंसासारखी असते असे सांगून ठेवले आहे. ती थांबते कशी याविषयी मात्र ते मौन धारण करतात. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वयोमर्यादेमुळे सेवानिवृत्त झाली. माझी अद्याप मुदतवाढीवर आहे.

या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि पेडलापासून चाकापर्यंत नळीतल्या तेलाखेरीज मध्ये कोणाचाही वशिला नव्हता. आपल्या पोटरीत जेवढे बळ तेवढाच ब्रेक, असा तो स्वच्छ रोखीचा व्यवहार. शंकरनगर चौकात थांबावयाचे असेल तर त्याचा ठराव झाशी राणी चौकातच मनाशी मंजूर करून ठेवावा लागे, आणि एवढ्या दूरदृष्टीमुळे मला पुढे निवृत्तिवेतनाचे कागद वेळेवर दाखल करण्याची सवय लागली असे माझे प्रामाणिक मत आहे. सौभाग्यवतींचे मत वेगळे आहे. त्यांनी डाव्या आसनावर बसून गेली तीस वर्षे माझ्याबरोबर, आणि बहुतेक वेळा माझ्या आधी, ब्रेक दाबलेला आहे. त्या बाजूला पेडल नाही ही गोष्ट त्यांनी कधीच मान्य केली नाही.

प्रकरण हातघाईवर आले ते गेल्या तान्ह्या पोळ्याला. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की पोळ्याला जसे खऱ्या बैलांचे कौतुक, तसे दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लाकडी बैलांचे असते. भोसले राजांच्या वेळेपासून ही चाल आहे असे सांगतात. मुले चाकांवरचे लाकडी नंदी सजवून दोरीने ओढीत घरोघर फिरतात आणि बोजारा, म्हणजे बक्षिसी, मिळवतात. गोकुळपेठेतल्या एका गल्लीत असाच एक सहा वर्षांचा शेतकरी आपला नंदी घेऊन आडवा आला. मी ब्रेक दाबला. पेडल गेले, अर्धे गेले, सबंध गेले, मी आसनावरून उठून जवळजवळ उभा राहिलो, सौभाग्यवतींनी स्वतःचा ब्रेक कधीच लावलेला होता, आणि गाडी अखेर थांबली तेव्हा तिचा बंपर नंदीच्या डाव्या शिंगाला टेकलेला होता. शिंगावरचा बेगडाचा तुकडा बंपरला चिकटून आला. पोरगा रडला नाही. त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, “काका, माझ्या नंदीले ब्रेक नाही. तुमच्या गाडीले बी नाही का?”

मी पन्नास रुपये बोजारा दिला. एवढा बोजारा त्या गल्लीत कोणी दिला नसेल.

त्याच दिवशी शहरात मारबतीची मिरवणूक होती आणि सगळी ईडापीडा गावाबाहेर चालली होती, तेव्हा माझीही त्याच मुहूर्तावर न्यावी म्हणून मी गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेलो. आमचा मिस्त्री मितभाषी आहे. त्याने गाडी गल्लीत एकदा पुढे, एकदा मागे घेतली, उतरून चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवले, बोट नाकाशी नेले आणि म्हणाला, “मागचं डावं व्हील सिलिंडर गळून राहिलं जी. लायनरवर तेल आलं. ते तर मी करून देतो. पण साहेब, खरी गोष्ट सांगू का? ब्रेक म्हातारा नाही झाला. तुमचा पाय म्हातारा होऊन राहिला.”

आपल्या अवयवाविषयी असा अभिप्राय डॉक्टरने दिला तर मनुष्य फी देऊन घरी येतो. मिस्त्रीने दिला की अपमान वाटतो. मी तेथेच जाहीर केले की मला बूस्टर बसवावयाचा आहे.

हा शब्द माझ्या तोंडी आला कोठून, तर पुण्याच्या पुतण्याकडून. बूस्टर म्हणजे ब्रेकच्या कामी पायाला मिळणारा सरकारी अनुदानासारखा आधार: आपण थोडे भरावे, बाकीचे वरून यावे. पुतण्याला फोन करताच त्याने मला अकरा चित्रफिती पाठवल्या, आणि पाठोपाठ प्रस्ताव पाठवला की पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावावेत, बूस्टरसाठी विजेवर चालणारा पंप घ्यावा, मग त्या पंपासाठी मोठा अल्टरनेटर घ्यावा आणि शक्यतो इंजिनही बदलावे. “मग पद्मिनीचं त्यात काय उरेल रे?” असे मी विचारले. “काच, काका,” तो म्हणाला.

मिस्त्रीने यावर एकच गोष्ट सांगितली आणि ती मला अकरा चित्रफितींहून अधिक पटली. डिस्क ब्रेकला बहुधा बूस्टर लागतो, कारण तिथे चिमटा नुसता दाबतो. ड्रमच्या आतला पुढचा शू मात्र एकदा टेकला की फिरणाऱ्या ड्रमबरोबर स्वतःच पुढे ओढला जाऊन अधिक आवळतो, आणि हलक्या गाडीला तेवढे पुरते, म्हणून जुन्या लोकांनी बूस्टरवाचून जन्म काढला. ज्याला ‘स्वतःच ओढला जाणारा’ म्हणावे असा कर्मचारी मला चौतीस वर्षांत दोनदाच भेटला; तो माझ्या चारही चाकांत बसलेला आहे हे मला ठाऊक नव्हते. “मग बूस्टरने गाडी लवकर थांबेल का?” “नाही जी. थांबवते तर टायर. बूस्टरनं पाय हलका होते, बस.” हे वाक्य मी त्या वेळी कानाआड केले. खरेदीस निघालेला मनुष्य असल्या वाक्यांची नोंद आवक-वहीत घेत नसतो.

तरीही खात्याच्या शिस्तीप्रमाणे आधी नियम पाहिले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीपत्रातला तपशील मूळ बनावटीशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. मी कपाटातले आरसी बुक काढले आणि चष्मा लावून तपशील वाचला: इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, सिलिंडरांची संख्या, आसनसंख्या, वजन, इंधन, रंग. सारे होते. ब्रेकचा उल्लेख कोठेही नव्हता. म्हणजे इतकी वर्षे शासनाच्या दप्तरी माझ्या गाडीला ब्रेक असल्याचा पुरावाच नाही, आणि तो गोकुळपेठेतला बालक लेखापरीक्षक म्हणून माझ्याहून वरच्या श्रेणीचा ठरतो.

आता बूस्टर चालतो कसा, हे समजून घेतल्याशिवाय मी खर्चाला मंजुरी देणे शक्य नव्हते, आणि समजल्यावर मात्र मला नागपूरकर असल्याचा जो अभिमान वाटला तो पूर्वी संत्र्यांमुळेही वाटला नव्हता. इंजिन श्वास घेते. आपण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की कार्बोरेटरमधली हवेची वाट मिटते, पण खाली पिस्टन ओढतच राहतात, नाक दाबून धरलेल्या माणसासारखे तडफडतात, आणि त्या ओढीतून आत पोकळी तयार होते. ही पोकळी एका नळीने पत्र्याच्या गोल डब्यात नेतात. डब्यात रबराचा पडदा असतो. ब्रेक दाबला की पडद्याच्या एका अंगाला बाहेरची हवा शिरते, दुसऱ्या अंगाला काहीच नसते, आणि हवा त्या ‘काहीच नाही’च्या दिशेने सर्व बळ लावून धावते, त्या धावण्याला पायाच्या कामाला जुंपले की झाला बूस्टर. देवांद्र नावाच्या एका बेल्जियन अभियंत्याने गेल्या शतकाच्या विसाच्या दशकात ही युक्ती मोटारीस लावली आणि जर्मनीच्या बॉश कंपनीने तिचे हक्क घेतले. परंतु मूळ पुरुष त्याच्याही पूर्वीचा, माग्देबुर्ग शहराचा नगराध्यक्ष ओटो फोन गेरिक. त्याने तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांवर ठेवून आतली हवा काढून घेतली आणि १६५७ साली दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले तरी ते गोल सुटेनात. नगराध्यक्षाने पोकळ वस्तूची शक्ती दाखवून दिल्याचा असा सप्रमाण दाखला इतिहासात विरळा.

त्या सोळा घोड्यांची कथा वाचताना मला आमचे चार घोडे आठवले. सीताबर्डीच्या पलीकडे शून्य मैलाचा दगड आहे, वालुकाश्माचा स्तंभ आणि त्यापाशी चार घोडे. इंग्रजांच्या मोजणीदारांनी सगळ्या देशाची अंतरे मोजण्यासाठी शून्य ठेवावयास जागा शोधली ती आमच्या गावात, असे आम्ही अभिमानाने सांगतो. ज्या गावाने शून्य एवढ्या मानाने चौकात उभे केले आहे, त्या गावात शून्यावर चालणारे यंत्र बसवावयास मुहूर्त कशाला पाहावा?

फक्त एक सल मनात राहिला. सात इंची पडद्याचे क्षेत्रफळ २४८ चौरस सेंटिमीटर. इंजिनाने ५०० मिलिमीटर पाऱ्याइतकी पोकळी दिली तर पायाच्या मदतीस सुमारे १६८ किलो धावून येतात, म्हणजे दोन सुदृढ मामलेदार. पण हा हिशेब बाहेरच्या हवेवर अवलंबून, आणि शून्य मैलाचा स्तंभ समुद्रसपाटीपासून सुमारे १०२० फूट उंच असल्यामुळे आमच्याकडच्या हवेचा दाब मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा साडेतीन टक्क्यांनी कमी भरतो. दांडेकर समितीने १९८४ साली विदर्भाचा अनुशेष मोजला त्यात सिंचन आले, रस्ते आले, वीज आली. हवा राहून गेली.

शेजारच्या गार्डसाहेबांनी मात्र या साऱ्या अभिमानावर पाणी ओतले. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, अजनीत हयात घालवलेले, आणि धाराखोह ते मरामझिरीच्या घाटातून मालगाड्या उतरवलेले गृहस्थ. त्यांच्या वेळी गाड्यांना पोकळीचेच ब्रेक असत, म्हणून मी मोठ्या अपेक्षेने त्यांच्याकडे कागदावर काढलेली आकृती घेऊन गेलो. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

“भाऊ, ही पोकळी गेली तर काय होतं?”

“तर मदत बंद होते.”

“म्हणजे ब्रेक सुटतो.”

“सुटत नाही, जड होतो.”

“आमच्याकडे उलटं होतं,” ते म्हणाले. “आमच्या ब्रेकला पोकळीनं सोडून धरलेलं असायचं. नळी फुटो, डबा तुटो, कोणी साखळी ओढो, पोकळी गेली की ब्रेक आपोआप लागला. गाडी उभी. तुमच्यात पोकळी गेली की ब्रेक गेला. असल्या गाडीला मी हिरवा झेंडा दाखवला नसता.” आणि आकृती घडी करून मला परत दिली. चहा विचारला नाही.

एवढे होऊनही मी मागे हटलो नाही, कारण मनुष्याचा निर्णय आणि त्यामागची कारणे यांची भेट बहुधा निर्णय झाल्यानंतर होते. मिस्त्रीने दोन मार्ग सांगितले होते. एक, पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्या मध्ये बसणारा, नव्या गाड्यांत असतो तसा, ज्यासाठी पत्रा कापावा लागेल; दुसरा, पेडलापासून लांब, ब्रेकच्या नळीतच मध्ये जोडून बॉनेटखाली कोठेही बसणारा, ज्यासाठी पत्र्याला हात लावावा लागत नाही. वडिलांनी वाट पाहून मिळवलेला पत्रा कापू देण्याची माझी छाती नव्हती. तेव्हा दुसरा.

तो शोधण्यासाठी आम्ही कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकाच्या अंगाला एका जुन्या मालाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तीन बूस्टर काढून पाट मांडावे तसे ओळीने मांडले आणि प्रत्येकाचे कुळ सांगितले. तिघेही घरंदाज, तिघांचेही पूर्वीचे मालक डॉक्टर. मी खिशातून वही काढून प्रश्न विचारू लागलो. मिस्त्रीने वहीकडे पाहिलेही नाही. त्याने पहिला डबा उचलला, नळीचे तोंड शर्टाच्या बाहीने पुसले, त्याला ओठ लावून आतली हवा ओढली, जिभेचे टोक भोकावर दाबून धरले आणि डोळे मिटले. दुकानात शांतता पसरली. दुकानदार पंख्याकडे पाहू लागला. सात आकडे मोजेपर्यंत जीभ सुटली, डबा बाजूला. दुसऱ्याची जीभ अकराला सुटली. तिसऱ्याच्या वेळी मी तीसपर्यंत मोजले, मिस्त्री तसाच ध्यानस्थ, आणि शेवटी त्याने जीभ सोडवली तेव्हा ‘टप्’ असा बारीक आवाज झाला. “हा धरून राहिला,” तो म्हणाला. त्याच्या जिभेवर नळीचा लाल गोल उठला होता. एवढी कसून तपासणी मी सरकारी तिजोरीचीही केलेली नाही.

भावाची घासाघीस मी केली, आणि ती वाईट झाली. त्याचा तपशील सौभाग्यवती हे वाचणार असल्यामुळे देत नाही.

बसवण्याचे काम सबंध दोन दिवस चालले. आधी डाव्या मागच्या चाकाचे सिलिंडर बदलले, चारही चाकांना नवे लायनर लागले, बूस्टरमधले सगळे रबर नवे घातले, कारण जुना डबा चालतो पण जुने रबर चालत नाही असे मिस्त्रीचे शास्त्र आहे. मग कार्बोरेटरखाली पोकळीसाठी तोटी असलेली एक जाड चकती बसली, तिथून जाड रबरी नळी निघाली, तिच्यात एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह आला, ज्याला गॅरेजात नुसते ‘वन वे’ म्हणतात, आणि डबा बॉनेटखाली आतल्या भिंतीला, जणू पहिल्यापासून तिथेच होता अशा थाटात, विराजमान झाला. काम चालू असता गाडीत वाकलेल्या मिस्त्रीने एकदा डोके बाहेर काढून विचारले, “साहेब, बाईंच्या बाजूचं मॅटिंग तुमच्यापेक्षा जास्ती घासून राहिलं, हे काहून?” मी उत्तर दिले नाही. सौभाग्यवतींनी दिले असते, पण त्या तिथे नव्हत्या, हे बरे.

शेवटी हवा काढण्याचा विधी. ब्रेकच्या नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पाय दाबावा आणि बुडबुड्याने दबावे, चाकाला काहीच कळू नये, असे होते. मध्यस्थ मऊ असला की हुकूम खालपर्यंत पोचत नाही, हे मी कचेरीत पाहिलेलेच होते. मी पेडलावर, मिस्त्रीचा पोऱ्या गाडीखाली, त्याच्या हातात पारदर्शक नळी आणि तेलाची बाटली. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. “दाबा.” मी दाबतो. “धरा.” मी धरतो. खाली पाना फिरतो, पेडल पायाखालून हळूच खोल जाते, बाटलीत बुडबुडे उठतात. “सोडा.” चार चाके, प्रत्येकाला दहा-बारा वेळा. तासाभरात मला कोणाच्या तरी हुकमाखाली काम करण्याचे जे समाधान लाभले ते निवृत्तीनंतर प्रथमच. अखेर पोऱ्या म्हणाला, “झालं जी, आता निखळ तेल येऊन राहिलं.”

मग मिस्त्रीने परीक्षा दाखवली, ती सांगण्यासारखी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, म्हणजे डब्यातली उरलीसुरली पोकळी संपते आणि पेडल घट्ट होते. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. मी तसे केले. इंजिनाने दोन श्वास घेतले आणि पेडल माझ्या पायाखाली आपण होऊन किंचित खाली गेले. कोणीतरी तळपायाखालून हात घालून “राहू द्या, मी धरतो” म्हणावे, अगदी तसे.

घरी येताना व्हरायटी चौकात मी नेहमीच्या हिशेबाने, नेहमीच्या बळाने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थिजली. सौभाग्यवतींच्या मांडीवरचा संत्रा बर्फीचा डबा पुढच्या काचेला लागून उघडला, त्या स्वतः काचेपासून चार बोटांवर थांबल्या, मागच्या ऑटोवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उल्लेख केला. “अहो,” त्या म्हणाल्या, “मी तर अजून दाबलाच नव्हता.”

त्यानंतरचे आठ दिवस आमच्या संसारातले सुवर्णयुग होते. दोन बोटांनी मोगऱ्याचे फूल खुडावे तसा मी ब्रेक लावू लागलो. विनाकारण चौकांत थांबू लागलो. तर्री पोहे खाण्यासाठी, ते नको असताना, गाडी लावू लागलो. शेजाऱ्यांना घेऊन जाऊन थांबून दाखवू लागलो. गार्डसाहेब आले नाहीत. सौभाग्यवतींच्या बाजूची हालचाल मंदावली, आणि एकदा तर लॉ कॉलेज चौकात त्यांचे दोन्ही पाय आसनावर मांडी घातलेल्या अवस्थेत माझ्या दृष्टीस पडले. असा विश्वास माझ्यावर त्यांनी लग्नातही टाकला नव्हता.

नवव्या दिवशी संध्याकाळी आम्ही सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरत होतो. उतार लागला की न्यूट्रल करावे आणि इंजिन बंद करावे, ही माझी तीस वर्षांची रीत. उताराचा पैसा देवाने दिलेला असतो, तो पेट्रोलवर का खर्चावा? मी चावी फिरवली. गाडी शांतपणे, हंसासारखी, खाली निघाली. झाडांच्या फटीतून तलाव दिसू लागला. एक ऑटो आडवी आली, मी बोटाने स्पर्श करावा तसा ब्रेक केला, गाडी मंदावली. पुढे खड्डा, पुन्हा केला, तेव्हा पेडल थोडे जाड लागले. मग वळण, तिसऱ्या वेळी ते अर्ध्यावर अडले. आणि मग उताराच्या पायथ्याशी भुट्टेवाल्याची हातगाडी, तिच्यावर निखारे, निखाऱ्यांवर कणसे, भोवती पाच-सहा माणसे, आणि माझ्या पायाखाली पेडलाच्या जागी एक दगड.

घडले होते ते अगदी शास्त्राप्रमाणे. इंजिन बंद, म्हणून नवी पोकळी नाही. डब्यातली शिल्लक दोन-तीन वेळा पुरली आणि संपली. दोन्ही मामलेदार कामावरून उठून गेले होते. पण तेही जाऊ द्या. खरी गोष्ट मला नंतर उमगली, आणि ती बूस्टरहून वेगळी आहे. त्या क्षणी माझ्याजवळ जो ब्रेक होता तो तीस वर्षांचा माझा जुनाच ब्रेक होता, किंबहुना नव्या लायनरांमुळे त्याहून चांगला. याच ब्रेकवर मी याच उतारावर इंजिन बंद करून किती वेळा उतरलो असेन. ब्रेक गेलेला नव्हता. पाय गेला होता. तीस वर्षांत कमावलेली पोटरी आठ दिवसांच्या मदतीत आपले काम विसरली होती, आणि दगड लागताच दाबण्याऐवजी, काहीतरी बिघडले असे समजून, ती चक्क मागे आली.

सौभाग्यवतींचा पाय मात्र कामावर होता. मांडी मोडून त्यांनी दोन्ही पाय असे रोवले की आसन करकरले, आणि त्यांच्या तोंडून जो एक शब्द निघाला तो येथे देत नाही, पण तो ऐकताच माझ्या पोटरीला आपली सनद आठवली. मी उठून उभा राहिलो, डावा पायही उजव्यावर ठेवला, जुन्या काळी दाबावे तसे दाबले, हँडब्रेक ओढला, आणि गाडी भुट्टेवाल्याच्या हातगाडीपासून वीतभर अंतरावर थांबली. भुट्टेवाल्याने पंख्याने निखारे फुलवीत विचारले, “दोन देऊ का जी?”

दोन घेतले. एकावर लिंबू जास्त.

मिस्त्रीला हे सांगितले तेव्हा त्याने कानाला हात लावले आणि म्हणाला, “बंद गाडीत बूस्टर कुठून चालते, साहेब? मी सांगितलं नाही, म्हटलं साहेब शिकलेले हाय.” गार्डसाहेबांना मी काहीच सांगितले नाही, पण त्यांना कळले, दुसऱ्या दिवशी फाटकाशी उभे राहून त्यांनी मला लाल रुमाल दाखवला. उतारावर इंजिन बंद करून प्रत्येक वेळी किती पेट्रोल वाचत असेल याचा मी खात्याच्या पद्धतीने हिशेब काढला. सारे आकडे आपल्या बाजूने धरूनही तो दोन रुपयांवर जाईना. दोन भुट्ट्यांचे चाळीस झाले होते.

बूस्टर अजून गाडीत आहे आणि उत्तम चालतो. दर रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना, मी घरासमोर इंजिन बंद ठेवून दगड झालेले पेडल वीस वेळा दाबतो, म्हणजे पाय ओळख विसरत नाही. शेजारच्या आसनावर सौभाग्यवती वर्तमानपत्र वाचीत बसतात आणि मोजतात. आपल्यापैकी कोणी फुटाळ्याकडे उतरत असाल तर इंजिन चालू ठेवून उतरा. भुट्टेवाला तिथेच उभा असतो.